विश्लेषण : पाय सुजलेला नसताना हत्तीरोगाची गोळी का घ्यायची?

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आरोग्य कर्मचारी दारात आले, की एक उत्तर हमखास मिळते : ‘मला काय झालंय?’ काही जण ‘जेवल्यावर खातो’ म्हणून गोळ्या ठेवून घेतात आणि त्या तशाच पडून राहतात. या लोकांना अडाणी ठरवणे सोपे आहे. पण पाय मुळात सुजतो कशाने, हे त्यांना किती वेळा समजावून सांगितले जाते?

लसिका वाहते कशी?

केशवाहिन्यांतून रक्त जाताना त्यातले थोडे पाणी व प्रथिने बाहेर झिरपतात. रक्तात लगेच परत न गेलेला हा द्रव गोळा करणाऱ्या बारीक नळ्या म्हणजे लसिकावाहिन्या. रक्ताला ढकलायला हृदय आहे, लसिकेला तसा पंप नाही. वाहिन्यांच्या भिंती स्वतः आकुंचन पावतात, चालताना पोटरीचे स्नायू त्यांना दाबतात, श्वासागणिक छातीतला दाब बदलतो. एवढ्या बळावर पायातली लसिका वर चढते. वाटेत जांघेतल्या गाठींत ती गाळली जाते आणि अखेर मानेच्या डाव्या बाजूला, कॉलरबोनच्या मागे रक्तात मिसळते. ती मागे घसरत नाही, कारण वाहिन्यांत जागोजागी झडपा असतात.

क्युलेक्स डासामार्फत शिरलेले हत्तीरोगाचे जंत नेमके याच नळ्यांत घर करतात आणि पाच-सात वर्षे जगतात. वाहिन्या फुगतात, झडपा नीट मिटेनाशा होतात, द्रव खाली तुंबतो. बाहेरून मात्र अनेक वर्षे काहीच दिसत नाही. तोवर जंतांची सूक्ष्म पिल्ले रक्तात फिरतात (ती रात्री जास्त सापडतात, म्हणून रक्ताचे नमुने रात्री घेतात) आणि डासांमार्फत शेजारच्या घरी पोहोचतात.

गोळ्या प्रामुख्याने ही पिल्ले मारतात. निकामी झालेली झडप कोणतीही गोळी दुरुस्त करत नाही. म्हणजे ‘मला काय झालंय?’ विचारणाऱ्यासाठीच ही गोळी आहे. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी वगळता इतरांनी ती कर्मचाऱ्यासमोरच गिळावी. नंतर थोडा ताप किंवा चक्कर आली, तर बहुधा ती मरणाऱ्या जंतांची प्रतिक्रिया असते. अफवा इथेच पसरतात, म्हणून हे आधी सांगायला हवे.

ज्यांचा पाय सुजला, त्यांचे काय?

मोहिमेची खरी उणीव इथे आहे. लसिका तुंबलेल्या पायाची त्वचा संसर्गाशी नीट लढू शकत नाही. बोटांच्या बेचक्यातल्या भेगेतून जिवाणू शिरतात, ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो आणि प्रत्येक खेपेला सूज वाढते. धानाच्या रोवणीत दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या मजुराची यात रोजीही बुडते. उपाय साधे आहेत : पाय रोज साबणाने धुणे, बेचक्या कोरड्या करणे, झोपताना पाय उंच ठेवणे, घोटा हलवत राहणे. टब, साबण, टॉवेल, मलम असलेला संच सरकार देतेही. पण संच देणे म्हणजे उपचार नव्हे. रुग्णाच्या घरी बसून पाय धुऊन दाखवणारे आणि महिन्याने पुन्हा येऊन पाहणारे माणूस लागते.

हत्तीरोग निर्मूलनासाठी २०२७ हे वर्ष ठरले आहे. किती जणांनी गोळ्या घेतल्या, याची नोंद होते. तशीच, गेल्या वर्षभरात किती रुग्णांना तापाचा झटका आला नाही, याचीही प्रत्येक आरोग्य केंद्रात व्हायला हवी.