रक्तांतील मौन

“आमच्या रक्तांतच आहे तें,” हे शब्द घरोघरीं किती सहज उच्चारले जातात! परंतु रक्ताचें शास्त्र कांहीं निराळेंच सांगतें.

आपल्या अस्थिमज्जेंत दर सेकंदास सुमारें २० लक्ष तांबड्या पेशी जन्मतात व सुमारें १२० दिवस सेवा करून लयास जातात. त्वचेच्या पेशींत जीं जनुकें, तींच मज्जेंतही असतात. भेद एवढाच कीं, कोणीं केव्हां बोलावें व केव्हां मौन धरावें, याची आज्ञा निराळी. ‘गाटा-१’ नांवाचें प्रथिन ठराविक जनुकें जागीं करतें, तेव्हांच तांबडी पेशी घडते.

गर्भांतील बालकाचें हिमोग्लोबिन निराळें असतें. जन्मानंतर कांहीं महिन्यांत त्याचें जनुक मौन धरतें व दुसरें काम हातीं घेतें. सिकलसेल व्याधीचा दोष या दुसऱ्या जनुकांत असतो; म्हणूनच रोगी मूल तान्हेपणीं निरोगी दिसतें. न्यूयॉर्कच्या डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनीं १९४८ सालीं हें कारण सुचविलें. पहिल्यास मौन ठेवणारें ‘बीसीएल-११-ए’ हें जनुक २००८ सालीं उमगलें. त्याचा अंमल मज्जापेशींत कमी करून गर्भकाळचें हिमोग्लोबिन जागें करणारा उपचार २०२३ सालीं ब्रिटन व अमेरिका येथें मान्य झाला. परंतु अमेरिकेंत त्याचें मूल्य २२ लक्ष डॉलर ठरलें! गडचिरोली वा नंदुरबारच्या गरीब घरास तें कोठून परवडावें?

म्हणून पालकांस आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं, सोयरीक ठरविण्यापूर्वी वधूवरांचें रक्त तपासून घ्यावें. दोष वाहणारा बहुधा स्वतः निरोगीच असतो; परंतु आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. “अहवाल फुटला तर मुलीचें लग्न मोडेल,” ही भीति आम्ही जाणतों. तिजवर उपाय लपविणें नव्हे. मुलाच्या बापानें आपल्या मुलाचें रक्त आधीं तपासावें, हा होय. हा दोष दोन्ही कुळांतून येतो. त्याचा भार एकट्या मुलीवर कां?

विद्यार्थ्यांनो, हा पाठ घरीं वाचून दाखवा. रक्तांतील मौनाचें कारण उमगण्यास शास्त्रज्ञांस ६० वर्षें लागलीं. घरांतील मौन मोडण्यास एक संध्याकाळ पुरेल.