ट्यूबलाइट आणि लेखाशीर्ष

घरगुती दिव्यांच्या बाबतीत या देशाने गेल्या दशकात जी मजल मारली, ती निःसंशय गौरवास्पद आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी ‘उजाला’ योजना देशभर सुरू झाली. ग्राहकांची विखुरलेली मागणी एका सरकारी कंपनीने एकवटली, मोठ्या निविदा काढल्या आणि २०१४ साली तिला ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब २०१६ साली ३८ रुपयांना मिळू लागला. या योजनेत ३६ कोटींहून अधिक बल्ब घरोघरी गेले, तेही सरकारी तिजोरीतून थेट अनुदान न देता. बाजारपेठेला योग्य वळण दिले तर काय साधते, याचा हा वस्तुपाठच होय.

परंतु ज्या शिक्षकाने वा लिपिकाने स्वतःच्या घरातील दिवे केव्हाच बदलले, त्याच्या वर्गात वा कचेरीत मात्र जुनी ट्यूबलाइट अद्याप फडफडताना आढळते. चाळीस वॅटची ट्यूब आणि तिचा जुना चोक मिळून सुमारे ५५ वॅट वीज खातात. तेवढ्याच उजेडासाठी एलईडी पट्टीला २० वॅट पुरतात. वर्षाचे २२० दिवस, रोज सहा तास दिवा जळतो असे धरले, तर एका ट्यूबमागे सुमारे ४६ युनिटे वाचतील. युनिटचा दर आठ रुपये धरल्यास ही बचत ३७० रुपयांच्या घरात जाते. पट्टी मिळते दोन-तीनशे रुपयांत. वर्षभरात संपूर्ण भांडवल परत देणारी गुंतवणूक कोणता सावकार नाकारील?

सरकारी व्यवस्था ती नाकारते, आणि त्याचे कारण अज्ञान हे नव्हे. नवी पट्टी घ्यायची ती एका लेखाशीर्षातून, विजेचे बिल भरायचे ते दुसऱ्यातून. पहिल्यात पैसा नसतो. दुसऱ्यात बचत झालीच, तर ती संस्थेच्या हाती राहत नाही, उलट पुढील वर्षाची तरतूद तेवढ्याने कापली जाते. काटकसर करणाऱ्यालाच दंड! मग मुख्याध्यापकांनी दरपत्रके मागविण्याचा आणि लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांचा व्याप का ओढवून घ्यावा? थकलेल्या बिलापायी जिल्हा परिषदेच्या शाळांची वीजजोडणी तोडल्याच्या बातम्या महाराष्ट्राला नवीन नाहीत. आणि ज्या शाळेला बिलच झेपत नाही, तिच्याच छताला सर्वांत खर्चिक दिवे लटकत असतात.

यावर उपाय म्हणून रस्त्यावरील दिव्यांसाठी एक मार्ग अवलंबिला गेला. कंपनीने स्वखर्चाने दिवे बसवायचे आणि नगरपालिकांनी वाचलेल्या बिलातून हप्ते फेडायचे. कल्पना उत्तम होती, पण अनेक स्थानिक संस्थांकडे कंपनीची देणी थकली. बचत कागदावर झाली. ती स्वतंत्र खात्यात बाजूला काढली गेली नाही, अन्य खर्चात विरून गेली. तेव्हा शाळा-कचेऱ्यांत दिवे बदलावयाचे, तर वाचलेली रक्कम किमान तीन वर्षे त्याच संस्थेकडे ठेवण्याचा आदेश आधी निघावा. खरेदीही केवळ न्यूनतम दरावर नको. स्वस्त पट्टी दोन पावसाळ्यांत विझली, की वर्गात अंधार आणि एलईडीच्या नावाने खडे! दिव्याची किंमत, त्याची हमी आणि विजेचा खर्च एकत्र मोजूनच निविदा स्वीकारली पाहिजे.

या कामाला मुदतही आहे. मिनामाता करारातील राष्ट्रांनी, ज्यांत भारतही आहे, सर्वसाधारण उजेडाच्या फ्लुरोसंट ट्यूबांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ अखेर थांबविण्याचे २०२३ साली ठरविले. कारण त्यांतील पारा. आज उतरविलेल्या ट्यूबा बहुधा अडगळीच्या खोलीत पडतात किंवा पटांगणाच्या कोपऱ्यात फुटतात, आणि तेथे मुले खेळतात. पारा असलेले दिवे २०१६ च्या ई-कचरा नियमांतच आले होते. पण नव्या पट्ट्यांच्या खरेदीच्या आदेशातच जुन्या ट्यूबा कोणी, केव्हा उचलून न्यावयाच्या हे नमूद केल्याखेरीज त्या नियमांचा शाळेला काडीचाही उपयोग नाही.