रिदाच्या नावाचे तुकडे

आमच्या भावाची मुलगी रिदा यंदा बालवाडीत जाऊ लागली. दुसऱ्या आठवड्यात घरी आली ती गाल फुगवून. छातीवरच्या बिल्ल्यावर ‘रिधा’ लिहिलेले होते आणि वर्गात सगळे तिला त्याच नावाने हाक मारत होते. दादीच्या मांडीवर बसून म्हणाली, “दादी, माझं नाव चुकीचं आहे का? मला दुसरं सोपं नाव द्या ना.”

आम्ही सगळे हसलो, पण दादी हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून आपली जुनी हिमरू शाल काढली आणि पोरीच्या खांद्यावर टाकली. “रिदा म्हणजे ही. अंगावर घ्यायची चादर. अकीक्याच्या दिवशी तुझ्या दादांनी विचार करून ठेवलेलं नाव आहे हे. ते आता बदलायचं नाही.”

आम्ही शाळेत शिकवतो. नावातले एक अक्षर चुकले की पुढे काय होते, ते दरवर्षी पाहतो. जन्माच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये तिसरेच. मग दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी आई-वडिलांची धावपळ. पण चार वर्षांच्या मुलीला कागदांचे काय सांगणार? तिला तिचे नाव हातात धरता यायला हवे होते. म्हणून लाकडाचे नाव-कोडे करायचे ठरले.

आणि घरात वाद सुरू झाला. भावाला ते इंग्रजीत हवे होते. दादींना उर्दूत. आमचे म्हणणे असे की मूल मराठी बालवाडीत जाते, तर मराठी आधी. शेवटी एकाच पाटीवर दोन ओळी करायचे ठरले, वर उर्दू आणि खाली मराठी. इंग्रजीची पाळी पहिलीत येईल.

उर्दूत नावाचे तुकडे कुठे पाडायचे, हा प्रश्न सोपा नाही. बहुतेक अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जातात आणि जोडताना रूप बदलतात. मात्र अलिफ, दाल, रे, वाव आणि त्यांच्या जातीची अक्षरे पुढच्याचा हात धरत नाहीत. रिदाचे नशीब चांगले: रे, दाल, अलिफ, तिन्ही सुटी. तीन अक्षरे, तीन तुकडे. ‘फातिमा’ असते तर फे-अलिफचा एक आणि उरलेल्या जोडाक्षराचा एक, असे दोनच तुकडे झाले असते. ‘मुहम्मद’ तर सलग एकच. आपल्या मुलाचे नाव कागदावर लिहून पाहा. कलम जिथे आपोआप उचलली जाते, तिथेच करवत चालवायची. नुक्ते मात्र वेगळे कापू नयेत. एवढा लहान तुकडा मूल हमखास तोंडात घालते. नुक्ते रंगानेच काढावेत.

मराठीत ‘रि’ आणि ‘दा’ असे दोन तुकडे केले. वेलांटी किंवा काना सुटा कापला तर बारीक काडी होते आणि लगेच मोडते. शिरोरेषा मधे तुटते, पण त्याचा फायदाच झाला. दोन्ही तुकड्यांची रेघ एका ओळीत आली की मुलाला कळते, नाव बरोबर लागले.

शहागंजकडच्या एका सुताराने अर्ध्या इंचाची सागवानी फळी दिली. कार्बन पेपरने अक्षरे उतरवली. अक्षराच्या कडेवर बारीक भोक पाडून त्यातून जिगसॉचे पाते घातले आणि अक्षर अखंड बाहेर काढले. फळीत उरलेली पोकळी हीच अक्षराची जागा. मागून प्लायवूड चिकटवले की पाटी तयार. पहिल्या खेपेला आमची चूक झाली. अक्षरे फळीच्या बरोबरीने बसली आणि रिदाच्या बोटांना ती निघेनात. ती पाटीच उलटी करून आपटू लागली. मग प्रत्येक अक्षराखाली त्याच आकाराचा प्लायवूडचा तुकडा चिकटवला, अक्षरे वर उचलली गेली आणि पकडता येऊ लागली. कडा पॉलिश पेपरने घासताना आपला हात सगळीकडून फिरवावा. जिथे आपल्याला टोचते तिथे मुलाला जास्तच टोचेल.

रंगाच्या बाबतीत घाई नको. घरात पडलेला जुना ऑइल पेंटचा डबा खेळण्याला कधीही वापरू नये. जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. म्हणून नवा, पाण्यात कालवायचा, डब्यावर शिसेविरहित लिहिलेला रंगच घ्यावा. पोस्टर कलर तोंडात घातला की विरघळतो, तोही नको. आम्ही अक्षरांच्या फक्त वरच्या बाजूला ॲक्रिलिक रंग दिला आणि कडा कोऱ्या ठेवल्या. कडांना व पाटीला आपल्या मराठवाड्यातले कच्चे जवसाचे तेल पातळ हाताने चोळले आणि आठ-दहा दिवस वाळू दिले. तेलाचे फडके मात्र चुरगळून ठेवू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवा.

रंग कोणते द्यायचे, हे रिदाने ठरवले. तिने दादीची शाल पसरली आणि बोट ठेवत गेली: रे मेंदीसारखा हिरवा, दाल लाल, अलिफ पिवळा. मराठीच्या दोन अक्षरांना तिने निळा मागितला. शालीत निळा नव्हता. “निळा माझा,” म्हणाली.

आता ती उर्दूची ओळ उजवीकडून लावते आणि मराठीची डावीकडून. दोन्हींत एकदाही गोंधळत नाही. तिच्या शिक्षणाची काळजी करणारे आम्हीच मोठे गोंधळतो. उर्दूच्या ओळीत ‘रि’चा ऱ्हस्व उच्चार दिसत नाही, जेर लिहायची पद्धत नसते. मराठीच्या ओळीत तो वेलांटी होऊन समोर येतो. एक लिपी जे मनात ठेवते ते दुसरी बोलून दाखवते.

एक गोष्ट अदबीची. ज्या नावात अल्लाहचे किंवा रसूलांचे नाव येते, त्याचे तुकडे जमिनीवर, पायांखाली येऊ नयेत असे अनेक घरांत वाटते. तिथे मुलाचे हाक मारायचे नाव कापावे, किंवा पाटी टेबलावरच खेळायची असा नियम करावा. तोही संस्कारच.

मागच्या सोमवारी रिदा पाटी पिशवीत घालून बालवाडीत घेऊन गेली. आम्ही सोबत होतो, पण बोलायची वेळ आली नाही. तिने बाईंच्या टेबलावर ‘रि’ बसवला, ‘दा’ बसवला आणि म्हणाली, “बाई, ध नाही, द.” बाईंनी ‘दा’ उचलून दोनदा बोट फिरवले, हसल्या आणि तिथेच नवा बिल्ला लिहिला.

वाचक भगिनींनो, आज संध्याकाळी मुलांचे जन्माचे दाखले आणि आधार काढून नावे एकदा शेजारी ठेवून वाचा. फरक दिसला तर आताच दुरुस्त करून घ्या. आणि मूल लहान असेल, तर एखाद्या रविवारी सुताराकडून अर्ध्या इंचाची फळी आणा.