न्याहारी आदल्या रात्रीची

वाचकहो, आजचा लेख वाचण्यापूर्वी एक छोटेसे काम करावे, अशी विनंती आहे. आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्ती सकाळची पहिली गोळी किती वाजता घेते आणि पहिला घास किती वाजता खाते, या दोन वेळा एका कागदावर लिहून काढाव्यात. आपण स्वतः ज्येष्ठ असाल, तर स्वतःच्या वेळा लिहाव्यात. अनेक घरांत हे अंतर आपल्याला वाटते त्याहून बरेच मोठे निघते. ते कमी करण्याचा एक साधा उपाय म्हणून रात्री भिजवून ठेवलेल्या ओट्सचा विचार आज आपण करणार आहोत.

माझी आई सांगलीत एकटी राहते. वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह वीस वर्षांचा. मी साताऱ्यात, मध्ये तीन तासांचा प्रवास. आई सकाळी सात वाजता गोळी घेई आणि नऊ वाजता स्वयंपाकाच्या मावशी येऊन पोहे किंवा उपमा करून देत. ही व्यवस्था मीच लावून दिली होती आणि तिचा मला थोडा अभिमानही होता. थंडीतल्या एका सकाळी मावशींना उशीर झाला. शेजारच्या वहिनी सहज डोकावल्या, तेव्हा आई घामाने भिजलेली होती, हात थरथरत होते आणि ती वहिनींना माझ्या नावाने हाक मारत होती. वहिनींनी प्रसंगावधान राखून तिला साखरेचे पाणी पाजले. पंधरा-वीस मिनिटांत आई सावरली. नंतर डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, “गोळी घेतल्यावर खाल्ले किती वाजता?” औषधाच्या चिठ्ठीवर ‘नाश्त्याबरोबर’ असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते. मी गोळ्यांचा डबा आठवड्याप्रमाणे भरून दिला होता. नाश्त्याच्या डब्याचा विचारच केला नव्हता.

ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास भाग पाडतात, मग पोटात अन्न असो वा नसो. वाढत्या वयात मूत्रपिंडाचे कार्य मंदावले असेल, तर औषधाचा परिणाम अधिक काळ टिकतो. शिवाय साखर उतरल्याची घाम, थरथर, धडधड ही लक्षणे वृद्धांमध्ये पुसट असू शकतात. नुसताच गोंधळ, चिडचिड किंवा तोल जाणे दिसते आणि ‘आता वय झाले’ म्हणून आपण ते सोडून देतो. म्हणून सकाळचा घास दुसऱ्या कोणाच्या येण्यावर अवलंबून न ठेवता तो हाताशी तयार असणे, हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

ओट्सचे नाव काढताच आईने नाक मुरडले. “हे आपल्याकडे जनावरांना घालतात,” ती म्हणाली. तिचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्या भागात ओट हे हिवाळी चाऱ्याचे पीक म्हणूनच शेतकऱ्यांना परिचित आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने चाऱ्यासाठी ‘फुले हरिता’ हे त्याचे वाणही दिलेले आहे. मी तिला एवढेच म्हटले, की शाळूची भाकरी आपण खातो आणि कडबा जनावरे खातात. येथेही दाणा आपला आणि पाला त्यांचा. दुधात कुस्करलेली भाकरी, दहीपोहे, रात्रभर आंबवलेल्या पिठाची आंबील यांवर आपल्या पिढ्या वाढल्या. धान्य मऊ करून दुधादह्याबरोबर खाणे आपल्याला नवे नाही. नवा आहे तो फक्त दाणा.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. बाजारात तीन प्रकारचे ओट्स दिसतात. तुकडे केलेले जाड ओट्स रात्रभर भिजूनही वृद्धांना पुरेसे मऊ होत नाहीत. ते शिजवूनच घ्यावेत. वाफवून चपटे केलेले साधे ओट्स भिजवण्यासाठी उत्तम; वाफवलेले असल्यामुळे ते सकाळी न शिजवताही खाता येतात. त्याहून पातळ, झटपट होणारे ओट्स अगदी मऊ होतात, दात नसलेल्यांना सोयीचे पडतात. मात्र त्यांनी साखर थोडी लवकर चढते. मसाला ओट्सच्या पाकिटात मीठ बरेच असते. रक्तदाब असणाऱ्यांनी ते टाळावेत. कोणतेही पाकीट घेताना घटकांच्या यादीत ओट्सखेरीज दुसरे काही नाही ना, एवढे पाहावे.

एका व्यक्तीसाठी ४० ग्रॅम, म्हणजे लहान वाटीने पाऊण वाटी ओट्स घ्यावेत. त्यात १५० मिलिलिटर तापवून गार केलेले दूध आणि दोन मोठे चमचे ताजे, गोड दही घालावे. वर एक मोठा चमचा भाजलेल्या शेंगदाण्याचे बारीक कूट घालून ढवळावे. झाकणाच्या स्वच्छ काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावे. झाकण सैल असावे; सांधे दुखणाऱ्या हातांना घट्ट झाकण उघडत नाही, हे मला आईच्या पहिल्याच फोनवरून कळले. सकाळी उठल्यावर डबा बाहेर काढावा. तोंड धुऊन, देवपूजा आटोपेपर्यंत त्याचा गारठा जातो. गार सोसत नसेल, तर डबा कोमट पाण्यात ठेवावा किंवा त्यातले मिश्रण पातेल्यात काढून मंद आचेवर गरम करावे. काही बिघडत नाही.

एवढ्या वाटीतून सुमारे ११ ते १३ ग्रॅम प्रथिने मिळतात. ज्येष्ठांना दिवसाकाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिने लागतात, हे लक्षात घेता पन्नास किलो वजनाच्या व्यक्तीची जवळजवळ पाव गरज येथेच भागते. चहा आणि दोन बिस्किटांच्या न्याहारीत याच्या जवळपासही काही मिळत नाही. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. दुधात भिजल्यावर जो बुळबुळीतपणा येतो तो त्याचाच. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेल्यास रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल काहीसे कमी होण्यास मदत होते. ४० ग्रॅम ओट्समधून त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळते. तेव्हा ही वाटी चांगली न्याहारी आहे, कोलेस्टेरॉलच्या गोळीची जागा मात्र तिला देऊ नये.

फळे रात्री घालू नयेत. केळे काळे पडते आणि रसाळ फळांना पाणी सुटते. ती सकाळीच चिरावीत. या बाबतीत सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे भाग्यवान आहेत. महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये आणि सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिवाळ्यात स्ट्रॉबेरीची चार-पाच फळे वाहत्या पाण्याखाली धुऊन, देठ काढून, बारीक चिरून घालावीत. तिच्यात साखर कमी असल्याने मधुमेहींना ती सोयीची. हंगाम संपल्यावर पपई, चिकू किंवा अर्धे केळे घ्यावे. मधुमेहींनी चिकू-केळ्याचे प्रमाण बेतानेच ठेवावे.

तासगावच्या बाजारातून येणाऱ्या बेदाण्याचा आईला जिव्हाळा. पण बेदाण्याच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. मधुमेह असेल तर पाच-सहा दाणे पुरेत. द्राक्षे लवकर वाळावीत म्हणून ती द्रावणात बुडवतात आणि रंग उजळ राहावा म्हणून पुष्कळदा गंधकाची धुरीही देतात. त्यामुळे बेदाणे कोमट पाण्यात दोनदा धुऊनच वापरावेत. दम्याच्या रुग्णांनी गंधकाची धुरी न दिलेले, तपकिरी बेदाणे पाहून घ्यावेत.

दूध आणि आंबट फळे एकत्र घेऊ नयेत, असे आयुर्वेदात सांगितले आहे आणि अनेक ज्येष्ठ ते कटाक्षाने पाळतात. त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. त्यांनी ओट्स केवळ दुधात भिजवावेत, दही वगळावे, गोडीसाठी एखादा मऊ खजूर घालावा आणि फळ दहा-अकरा वाजता वेगळे खावे. न्याहारी वेळेवर झाली, की आपला हेतू साधला.

येथपर्यंतची वाटी आईची. साताऱ्यात माझ्या सासूबाईंसाठी मात्र हीच वाटी जशीच्या तशी चालली नाही. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांना गिळण्यास त्रास होतो. पातळ दुधात तरंगणारे मऊ दाणे आणि फळांचे तुकडे आपल्याला सोपे वाटतात. गिळण्याचा दोष असणाऱ्यांना तेच सर्वांत अवघड. दूध घशाकडे आधी धावते, तुकडा मागे राहतो आणि दोन्हींची वेळ सांभाळता न आल्याने घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. जेवताना खोकला येणे, घास घेतल्यावर आवाज ओलसर होणे, अन्न गालात साठून राहणे किंवा वारंवार छातीत कफ होऊन ताप येणे, यांपैकी काहीही दिसल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे आणि गिळण्याच्या तज्ज्ञांकडून अन्न किती घट्ट असावे हे ठरवून घ्यावे. सासूबाईंसाठी आम्ही ओट्स, दही आणि पिकलेली पपई मिक्सरमधून एकजीव करतो. बेदाणा, डाळिंबाचे दाणे, भरड कूट पूर्ण वर्ज्य. त्यांना ताठ बसवून लहान चमच्याने भरवायचे, आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही, हा आमच्या घरचा नेम आहे.

आणखी काही पथ्ये सांगतो ती सर्वांसाठी. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घेऊन किमान अर्धा ते एक तास थांबावे, मगच ही वाटी खावी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या केव्हा घ्याव्यात, हे डॉक्टरांना विचारावे. लोहाची गोळी दुधाबरोबर घेऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर केळे, बेदाणे आणि एकूण प्रथिने यांचे प्रमाण आहारतज्ज्ञांनीच ठरवावे. तंतूंची सवय नसलेल्यांनी पहिला आठवडा अर्ध्याच प्रमाणाने सुरुवात करावी आणि दिवसभरात पाणी पुरेसे प्यावे, अन्यथा पोट साफ होण्याऐवजी फुगते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर तेच पाळावे.

डबा फ्रीजमध्येच ठेवावा, हा नियम मोडू नये. सांगलीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. दूध-दही घातलेले ओट्स तेथे रात्रभर ओट्यावर ठेवणे म्हणजे आजाराला आमंत्रण. वीज बराच वेळ गेली असेल किंवा वासाची शंका आली, तर डबा निःसंकोच टाकून द्यावा. फ्रीज नसेल, तर रात्री कोरडे ओट्स, कूट आणि दोन चमचे दुधाची भुकटी मोजून डब्यात भरावी. सकाळी थर्मासमधले गरम पाणी ओतून दहा मिनिटे झाकून ठेवावे.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. साखर उतरल्याची लक्षणे दिसली, तर ही वाटी पुढे करू नये. ओट्सची साखर सावकाश रक्तात येते. त्या क्षणी लवकर पोचणारी साखर हवी. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी साखर तपासावी. कमीच असेल तर पुन्हा तेवढीच द्यावी. सावरल्यावर मग न्याहारी द्यावी आणि घडलेला प्रकार त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. या चार ओळी कागदावर लिहून फ्रीजच्या दारावर लावाव्यात. आमच्या वहिनींना हे ठाऊक होते. प्रत्येक शेजाऱ्याला ठाऊक असेलच असे नाही.

आता आई रात्री मालिका संपली, की स्वतःच डबा भरते. मी भरून देऊ लागले, तर तिला आवडत नाही. सकाळी सातला तिचा फोन येतो. ती सांगते, “डबा उघडला.” त्यानंतरच गोळी. मावशी नऊला येतात आणि दुपारचा स्वयंपाक करतात. त्यांना उशीर झाला, तरी आता कोणाचा जीव टांगणीला लागत नाही. गेल्या खेपेस मी निघाले, तेव्हा तिने पिशवीत बेदाण्याची पुडी घातली आणि येताना स्ट्रॉबेरी आण, म्हणून बजावले. चाऱ्याचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही.

वाचकहो, सुरुवातीला लिहिलेल्या दोन वेळा पुन्हा पाहाव्यात. गोळी ‘नाश्त्याबरोबर’ घ्यायची असेल आणि वेळा जुळत नसतील, तर आज रात्री झोपण्यापूर्वी एक डबा भरून ठेवावा. दहा मिनिटांचेसुद्धा काम नाही.