उष्टे कोणी उचलायचे?

लग्नसराई जवळ आली की यजमानाच्या घरी याद्या तयार होऊ लागतात. मांडव, आचारी, वाजंत्री, आहेर, मानपान यांवर आठ-आठ दिवस खल चालतो. जेवण कशात वाढावयाचे हा प्रश्न मात्र अखेरपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही आणि आला की तो कंत्राटदारावर सोपविला जातो. कंत्राटदार वापरून फेकून देण्याची ताटे, वाट्या आणि पेले सुचवितो. भांडी मोजून घेण्याची, घासण्याची आणि परत करण्याची कटकट वाचली म्हणून यजमानही समाधान पावतो. ज्या निर्णयाला कोणी निर्णयही म्हणणार नाही, त्यात पाणी, श्रम आणि जात असे तीन प्रश्न गुंतलेले आहेत.

या प्रश्नाचा काही भाग कायद्याने निकालात काढला आहे, असे वरकरणी वाटेल. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लास्टिकच्या व थर्माकोलच्या ताटल्या, पेले, वाट्या व चमचे यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास पाच हजार, दुसऱ्यास दहा हजार आणि तिसऱ्यास पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिन्यांचा कारावास अशी शिक्षा ठरली. १ जुलै २०२२ पासून केंद्राचीही बंदी देशभर लागू झाली. तरीही गावोगावच्या मांडवांमागे सकाळी जो ढीग दिसतो, तो फारसा कमी झालेला नाही. थर्माकोलची जागा चकचकीत कागदी ताटांनी घेतली एवढेच. कागद ओला होऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिकचा पातळ लेप चढविलेला असतो. त्यामुळे तो कागद म्हणून पुन्हा वापरता येत नाही आणि माती म्हणून कुजतही नाही. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले की, अशा पेल्यात ऊन पेय पंधरा मिनिटे राहिले तर शंभर मिलिलिटरमागे प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण त्यात उतरतात. बंदी आली, वस्तूचे नाव बदलले, सवय तशीच राहिली.

फेकण्याचे ताट स्वस्त पडते, हा यजमानाचा मुख्य युक्तिवाद असतो. तो तपासून पाहावयास हवा. समजा, आठशे पाने उठली आणि प्रत्येक पानामागे ताट, दोन वाट्या, पेला व चमचा मिळून पन्नास ग्रॅम वजन झाले, तर एका दुपारी चाळीस किलो कचरा तयार होतो. त्यात टाकलेले अन्न मिसळले की तो ओलाही राहत नाही आणि सुकाही राहत नाही. कोणीतरी तो उचलतो, वाहून नेतो, कोणाच्यातरी गावाशेजारी टाकतो किंवा जाळतो. यांपैकी कोणताच खर्च ताटाच्या किमतीत धरलेला नसतो. अर्थशास्त्राच्या भाषेत हा बाह्य खर्च होय. व्यवहाराच्या भाषेत बोलायचे तर यजमानाचे बिल दुसऱ्याने भरलेले असते. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे ज्यांच्या शिवारात पडला, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या रहिवाशांना हे बिल काय असते, ते कोणी सांगावयास नको. उलट, स्टीलचे ताट एकदा घेतले की ते वर्षानुवर्षे शेकडो पंगतींना पुरते. त्याची किंमत तितक्या पंगतींवर वाटली, तर एका जेवणामागे ती नगण्य ठरते.

याचा अर्थ स्टीलच्या बाजूने सर्वच काही सोपे आहे असा नाही. पहिला आक्षेप पाण्याचा आहे आणि तो खरा आहे. एका पानाची भांडी घासण्यास पाच लिटर पाणी धरले, तर आठशे पानांना चार हजार लिटर लागते. वैशाखात मराठवाड्यातील ज्या गावात टँकरची वाट पाहत बाया हंडे घेऊन उभ्या असतात, तेथे एवढे पाणी भांड्यांवर ओतणे हा अपराधच होय. दुसरा आक्षेप श्रमाचा. मांडवाच्या मागे, उन्हात, राखाडी पाण्यात पाय बुडवून आठशे ताटे घासणाऱ्या स्त्रिया कोण असतात? त्यांची मजुरी किती, त्यांना सावली आहे काय, आणि त्यांनी जेवावयाचे केव्हा? पुष्कळदा या प्रश्नांचे उत्तर यजमानाला ठाऊकही नसते. फेकण्याचे ताट या स्त्रीची सुटका करते, असा दावा केला जातो.

हा दावा अपुरा आहे. फेकण्याचे ताट श्रम नाहीसे करीत नाही. ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे ढकलते. भांडी घासणारी निदान मांडवात दिसते. तिच्याशी मजुरी ठरवावी लागते आणि ती नाही म्हणू शकते. दुसऱ्या दिवशी तो चिकट ढीग हातांनी उपसणारा कंत्राटी सफाई कामगार आणि त्यातून विकण्याजोगे काही मिळते का हे पाहणारी कचरावेचक स्त्री यांच्याशी यजमानाने काहीच ठरविलेले नसते. पुण्यात बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली, ती या माणसांना कामगार म्हणून ओळख मिळावी म्हणून. अन्नाने बरबटलेल्या, लेप दिलेल्या ताटाला भंगाराच्या बाजारातही भाव नाही. म्हणजे ज्याने घाण उचलावयाची, त्याला त्यातून दोन पैसेही सुटत नाहीत.

येथेच उष्ट्याचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. गावच्या पंगतीनंतर उष्ट्या पत्रावळी कोणी उचलावयाच्या हे जातीने ठरलेले होते आणि त्यांवरचे अन्न हे वेशीबाहेरच्यांचे मोल समजले जात असे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी उष्टे-शिळे तुकडे नाकारण्याची हाक दिली, ती या व्यवस्थेलाच दिलेली नोटीस होती. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणकाभाकरीच्या सहभोजनांतून सर्वांना एका पंगतीत बसविले. आज पंगत एक झाली असे म्हणता येईल, पण पंगत उठल्यावरचे काम पुष्कळ ठिकाणी अजून जुन्याच वस्तीकडे जाते. कित्येकदा तर फेकण्याचा पेला हा ‘त्यांना वेगळे भांडे’ देण्याचा सभ्य मार्ग होऊन बसतो. तामिळनाडूतील चहाच्या दुकानांतील दोन पेल्यांची प्रथा कुप्रसिद्ध आहे. पेला कागदाचा झाला म्हणून भेद जातोच असे नाही. त्या मानाने, सर्वांनी जेवून घासलेले तेच स्टीलचे ताट पुन्हा सर्वांपुढे येणे, ही एक लहानशी पण खरी समता आहे.

पत्रावळीचा पर्याय या संदर्भात नव्याने पाहावा लागतो. पळसाच्या पानांची, बांबूच्या चोयांनी टाचलेली पत्रावळ ही फेकण्याची असूनही मातीत जाणारी वस्तू आहे. कोकणात केळीचे पान तर गुरांच्याच तोंडी जाते. पाणीटंचाईच्या गावी पत्रावळ हाच शहाणपणाचा मार्ग ठरेल. मात्र जंगलातून पाने आणून ती टाचणाऱ्या आदिवासी स्त्रीला शंभर पत्रावळींमागे काय मिळते आणि मधल्या व्यापाऱ्याला काय मिळते, हे विचारल्यावाचून तिचे कौतुक करणे हा ढोंगीपणा होईल. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकीचा हक्क वनांत राहणाऱ्या समूहांना दिला. पत्रावळीची खरेदी थेट ग्रामसभेकडून किंवा बचत गटाकडून झाली, तर त्या हक्काला बाजारात अर्थ येईल.

मग करावयाचे काय? केरळात ‘हरित शिष्टाचार’ या नावाने स्थानिक संस्थांनी लग्नसमारंभांतून फेकण्याची भांडी हद्दपार करण्याचा प्रयत्न चालविला आहे. महाराष्ट्राला यात परके असे काही नाही. देवळाची किंवा तालमीची पितळी भांडी गावातील प्रत्येक लग्नाला नाममात्र भाड्याने मिळत असत, ही आठवण अनेक गावांत अजून ताजी आहे. ग्रामपंचायत, सहकारी सोसायटी किंवा महिला बचत गट यांनी पाचशे पानांचा संच घेतला, तर दोन-तीन लग्नसराईंत तो आपली किंमत फेडू शकेल, आणि भाड्यातून घासणाऱ्या स्त्रियांना ठरलेली मजुरी, सावली व पहिल्या पंगतीचे जेवण देता येईल. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी असा संच उभा करण्याचे काम हाती घ्यावे. यास आंदोलनाची परवानगी लागत नाही. एक सभा आणि एक वर्गणीची वही पुरे.

आणि सुरुवात आपल्या घरच्या कार्यापासून व्हावी. पाने आठशेऐवजी दोनशे उठली, तर पाण्याचा, ताटांचा आणि कर्जाचाही प्रश्न तीन-चतुर्थांशाने हलका होतो. ज्या कार्यकर्त्याने हुंड्याविरुद्ध भाषणे केली, त्याच्या मुलीच्या लग्नानंतर मांडवामागे काय पडले आहे, हे गाव सकाळी पाहत असते.