नवा लॅपटॉप घेण्याआधी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरोघरी जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकलं गेलं. आता तो तापतो, तर दुकानदार म्हणतो, "नवाच घ्या ताई." मला हे पटत नाही. अपरिग्रह काय फक्त पर्युषणात आठवायचा?

अपग्रेडनंतर एक-दोन दिवस आत फायलींची नव्याने नोंद चालते, प्रोसेसर राबतो. तेवढं होऊ द्या. तरीही तापला तर उघडून पंखा साफ करून घ्या. यवतमाळची धूळ, वर कापसाचे तंतू. जाळी बुजते, गरम हवा बाहेरच पडत नाही. वाळलेली थर्मल पेस्टही बदला. आणि पोरांना गादीवर लॅपटॉप ठेवू देऊ नका, खालून हवा कोंडते.