कोल्हापुरी चप्पल घालून चालायचं कुठं?

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखी दिसणारी चप्पल रॅम्पवर आणली आणि आपण सगळे पेटलो. स्टोऱ्या टाकल्या, मीम केले, 2019 सालचं जीआय मानांकन एकमेकांना दाखवलं. राग रास्तच होता. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न मला कुठं दिसला नाही. ही चप्पल घालून खुद्द कोल्हापुरात चालायचं कुठं?

मी कोल्हापूरची. काही वर्षं पुण्यात नोकरी करून परत आले. तेव्हापासून तिकडच्या मित्रमैत्रिणी फोनवर एकच टेप लावतात. "मजा आहे बाई तुझी! छोटं शहर, निवांत, स्वस्त, वर तांबडा-पांढरा." या कौतुकानं माझं डोकं फिरतं. एक तर कोल्हापूर निवांत नाही. पेठांतल्या तालमींची फुटबॉल मॅच असेल त्या दिवशी येऊन बघा. आणि स्वस्ताईसाठी कुणी एखाद्या शहरावर जीव टाकत नाही. छोट्या शहराची ओढ लागते ती वेगळ्याच कारणानं. इथं माणसं, धंदे आणि कला एकमेकांपासून पायी अंतरावर असतात. हे अंतर हीच आपली सगळ्यात मोठी सांस्कृतिक मालमत्ता आहे, आणि आपण ती पार्किंगला देऊन टाकली आहे.

अतिशयोक्ती वाटत असेल तर बाबूराव पेंटर आठवा. आनंदराव आणि बाबूराव हे मिस्त्री बंधू नाटकांचे पडदे रंगवायचे. त्यातूनच त्यांना सिनेमाचं वेड लागलं. 1916 मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी दामल्यांना सोबत घेऊन कॅमेरा इथंच घडवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैसा पुरवला तानीबाई कागलकर या गायिकेनं. 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. पुढं 1929 मध्ये प्रभात निघाली, तिचे पाच मालक म्हणजे दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सराफ सीताराम कुलकर्णी. पडदे रंगवणारे, गाणारी बाई, सराफ. ही माणसं काही नेटवर्किंग इव्हेंटला भेटली नव्हती. गाव एवढंसं होतं की ती एकमेकांच्या वाटेत येणारच होती.

ती वाट अजून आहे. बिंदू चौकातून भवानी मंडपात या. अंबाबाईचं देऊळ, महाद्वार रोड, साज घडवणाऱ्यांची गुजरी, चप्पल लाइन. तिथून खासबागेकडं वळलात की 1883 पासूनचा देवल क्लब. मग 1915 चं केशवराव भोसले नाट्यगृह आणि त्याला लागूनच शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान. एका भिंतीच्या अल्याड नाट्यगीत, पल्याड शड्डू. दुसऱ्या अंगाला गंगावेशीतली कुंभारगल्ली आणि पुढं रंकाळा. हे सगळं एका संध्याकाळी पायी होतं, मध्ये मिसळ खाऊनसुद्धा.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "तो राजाश्रय होता, चालण्याचा काय संबंध?" राजाश्रयानं इमारती दिल्या, अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गवयाला दरबारात मान दिला, हे खरंच. पण चित्रपट कंपनीला पैसा देणारी गायिका आणि भागीदार झालेला सराफ हे राजवाड्याचं खातं नव्हतं. ती शेजारपाजारची देवाणघेवाण होती. दुसरं उत्तर असतं, "प्रभातसुद्धा 1933 मध्ये पुण्याला गेलीच की!" गेली. पण जाण्याआधी ती इथं जन्मली, आणि तिची माणसं इथंच शिकून तयार झाली. मोठी शहरं तयार कलाकार विकत घेतात. कलाकार तयार व्हायला लागतो फुकटचा वेळ आणि जवळची माणसं. रोजचे दोन तास ट्रॅफिकमध्ये घालवणाऱ्याकडं यातलं काय उरतं, ते मी पुण्यात बघून आले.

आता आजचं बघा. महाद्वार रोडवर चालणारा माणूस दोन गाड्यांच्या मधून अंग चोरत जातो. आमचं घर मंगळवार पेठेत. आई वर्षानुवर्षं केशवरावला नाटक बघायला चालत जायची, दहा मिनिटांत. गुडघे दुखायला लागले तरी जायची. मग एक दिवस मी विचारलं, "आई, नाटकाला येतीस?" ती म्हणाली, "नाटक बघीन गं, पण येताना रस्ता कोण ओलांडून देणार?" त्यानंतर ती गेलीच नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, नाट्यगृह जळालं. अख्खं गाव हळहळलं. पण आईसाठी ते नाट्यगृह त्याच्या आधीच बंद झालं होतं आणि त्याची बातमी कुठंच आली नव्हती.

नाट्यगृह पुन्हा बांधायचं ठरलं, उत्तम झालं. पण तिथवर बिनघोर चालत जाता आलं नाही तर ती नुसती देखणी इमारत होईल. प्रेक्षक गाडीवाले असतील, आणि गाडीला जागा नाही म्हणून तेही हळूहळू कमी होतील. मग कुणीतरी म्हणेल, नवं नाट्यगृह हायवेला बांधू. आपल्याकडं विकासाची गोष्ट अशीच सरकत सरकत हायवेला पोचते.

व्यापार बुडेल, अशी ओरड होतेच. स्पेनमधल्या पोंतेवेद्रा या ऐंशी-पंच्याऐंशी हजार वस्तीच्या गावात 1999 पासून मधला भाग गाड्यांकडून काढून पायी चालणाऱ्यांना देत गेले. गाव बुडालं नाही. उलट जगभरातले नगरनियोजक ते बघायला जातात. आणि आपला ग्राहक थांबतो तो चालताना. गाडीवरून जाणाऱ्याला काचेतला साज दिसत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. फूटपाथ मोकळे करा म्हटलं की पहिला बडगा फेरीवाल्यांवर पडतो. मला ते नको. छोट्या शहरात बाईला चालणं सोपं नसतं. चार डोळे सतत पाठीवर असतात, "कुणाची गं तू?" चालू असतं. तरी रात्री साडेनवाला एकटीनं घरी जाताना मला धीर येतो तो भेळेच्या गाडीवरच्या दिव्याचा. लाइनीत लावलेल्या चारचाकींचा नाही. जागा कमी पडत असेल तर आधी त्या हलवा.

मागणं फार नाही. चालायला 1.8 मीटर रुंद, सलग फूटपाथ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांतला हा किमान आकडा आहे. संध्याकाळी भवानी मंडप ते खासबाग गाड्या बंद. बसायला बाकडी. नाटक सुटल्यावर मिळेल अशी केएमटी. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही पादचाऱ्यांचा फूटपाथवरचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं आहे. म्हणजे आपण कुणाकडं मेहरबानी मागत नाही.

ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालंय. माणसं वाढतील, गाड्या वाढतील, जागेचे भाव वाढतील. रस्ता कुणाचा हे आत्ताच ठरवलं नाही तर पुढं ठरवायला रस्ताच उरणार नाही. महापालिकेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला एवढंच सांगा: "दादा, गाडी कोपऱ्यावर ठेवा आणि आमच्या आईला घेऊन केशवरावपर्यंत चालत जाऊन दाखवा. मग बोलू."